सिमेंट सुकेपर्यंत

दातांच्या दवाखान्यात मला सगळे सिस्टर म्हणतात. मी नर्स नाही. डॉक्टरांच्या हाताशी उभी राहते, तोंडातलं पाणी ओढणारी नळी धरते आणि दिवसभर तेच तेच सांगून घसा कोरडा करते. रूट कॅनाल म्हणजे दात उपटणं नव्हे हो, दात वाचवणं. आतली सडलेली नस काढायची, पोकळी साफ करून भरायची. इंजेक्शन दिल्यावर दुखत नाही. बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ नका, ओठ चावला जातो आणि पत्ताही लागत नाही. आणि दुखायचं थांबलं म्हणून यायचं थांबवू नका! या शेवटच्या वाक्याचा तर मला वीट आलाय. लोक मान डोलावतात आणि ठणका थांबला की गायब.

रफूवाल्या ताई त्यातल्याच, असं मी धरून चालले होते.

आमच्या दवाखान्याच्या जिन्याखाली त्यांचं शिलाई मशीन. फाटकं रफू करणं, पँटी आखूड करणं, चेन बदलणं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, सासूबाईंना दिसत नाही, आणि दोघांनाही हाक मारायची सवय दांडगी. दुकानात फोन सारखा वाजतो. उशी कुठे ठेवलीस, गोळी पांढरी घेऊ की पिवळी, दारावर कोण आलंय. दारावर कोण आलंय ते ताईंनी जिन्याखालून सांगायचं! त्या फोन खांद्यात धरून उत्तरं देतात आणि दोरा दाताने तोडतात. गळ्यात कात्री असते, पण ती उचलायला तिसरा हात कुठून आणायचा? वर्षानुवर्षं एकाच दाताने दोरा तोडून समोरच्या दाताला खाच पडली, मग चीर गेली आणि आतली नस सडली. आल्या तेव्हा वरचा ओठ टम्म सुजलेला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, मूळ चांगलंय, दात वाचेल. पण खाचेमुळे नाजूक झालाय. सगळ्या खेपा पूर्ण करायच्या, वरून कॅप बसवायची. अर्धवट सोडलंत तर तुटेल, आणि हिरडीच्या आत तुटला तर काढावाच लागेल."

"काढला तर?"

"फट राहील. बोलताना हवा जाईल."

"मग वाचवाच," ताई म्हणाल्या. "सासूबाई मला आवाजावरून ओळखतात. आवाज बदलला तर घरात चोर शिरला म्हणून ओरडतील."

इंजेक्शन दिलं, दातावर रबराचा पडदा ताणून बसवला, काम सुरू झालं. एरवी पेशंट खुर्चीचे हात असे आवळून धरतात की सोडवावे लागतात. ताईंचा हात मात्र हळूहळू खाली लोंबला. चक्कर आली की काय म्हणून मी वाकून बघितलं, तर बाई घोरत होत्या. डॉक्टर हसल्या आणि काम करत राहिल्या. शेवटी कच्चं सिमेंट भरून त्यांना हलवून उठवलं. त्या दचकून उठल्या, हनुवटी पुसली आणि पुढची तारीख घेऊन, आमच्याकडे न बघताच निघून गेल्या.

त्या तारखेला आल्या नाहीत. फोन लावला तर सतत व्यस्त. माझं डोकंच फिरलं. जेवणाच्या सुट्टीत खाली गेले, तर बाईसाहेब त्याच दाताने दोरा तोडत होत्या.

"ताई! ती कात्री काय शोभेला बांधलीय?"

"आता दुखत नाही हो."

"नसच काढलीय, दुखणार काय कपाळ? दात अजून कच्चाच आहे. आला का नाहीत?"

त्या बराच वेळ कापड सारखं करत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? त्या दिवशी मी घोरले ना? दिवसाढवळ्या, परक्या माणसांसमोर. घरी हे तसे पडलेले, आणि मी आपली तिकडे ताणून दिली. पुन्हा कुठल्या तोंडाने येऊ?"

भीती वाटते, वेळ नाही, गावाला गेलो होतो, सगळी कारणं ऐकून माझे कान किटलेत. हे कारण नवीन होतं. झोप लागली म्हणून बाईला लाज वाटत होती. मला त्यांची दया आली, आणि रागही आला, कुणाचा ते मलाही सांगता येईना.

"याच तोंडाने या," मी म्हटलं. "उद्याच."

उद्या उजाडायची वाट दाताने पाहिली नाही. संध्याकाळी ताई जिना चढून आल्या, अस्तराच्या चिंधीत दाताचा तुकडा घेऊन. "तुटला," म्हणाल्या, आणि शब्दाबरोबर हवा सुटली. डॉक्टरांनी एक्सरे काढला आणि तो बराच वेळ बघत राहिल्या. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी भिंतीकडे.

"हिरडीच्या बाहेरच तुटलाय, मूळ शाबूत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "थोडक्यात वाचलात."

मग पोकळी भरणं, आत आधाराची काडी बसवणं, कॅपचं माप. प्रत्येक खेपेला ताई खुर्चीत टेकल्या की झोपायच्या. उठवताना माझ्या जिवावर यायचं.

शेवटच्या दिवशी कॅप बसली. डॉक्टर हात धुऊन बाहेरच्या पेशंटकडे गेल्या. ताईंनी आरशात बघितलं, "सासूबाई, मीच आहे," असं म्हणून आवाज तपासला, आणि समाधानाने मान हलवली. मग दाराकडे एकदा बघून मला म्हणाल्या, "सिस्टर, अजून एखादा दात खराब आहे का बघा ना. मागचा वगैरे."

"डॉक्टरांनी सगळे तपासलेत. बाकी सगळे ठणठणीत आहेत."

हे ऐकल्यावर लोकांचा जीव भांड्यात पडतो. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवीकडे हात नेला.

"उठू नका," मी म्हटलं. "सिमेंट सुकायचंय."

ते केव्हाच सुकलं होतं. मी खुर्ची मागे झुकवली आणि डोक्यावरचा दिवा मालवला. थोड्याच वेळात पिशवीतला फोन वाजायला लागला. मी तो काढून कानाला लावला.

"सिस्टर बोलतेय. हो, इथेच आहेत. नाही, त्यांना बोलता येणार नाही, तोंडात काम चालू आहे. अजून वेळ लागेल."

ताईंना ते ऐकू गेलं नाही. त्या झोपल्या होत्या.