चौरागडाच्या पायऱ्या

तालमीशिवायही माणूस एखादी गोष्ट करू शकतो, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कुणी पटवू शकलं नाही. पांढुर्ण्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर ड्रिल शिकवली होती. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला मांडवात उभं केलं आणि ओला टॉवेल तीनदा त्यांच्या गळ्यात घालायला लावला. उद्या हार घालताना जावयाचा हात कापू नये, एवढाच हेतू. निवृत्तीनंतर त्याच शाळेच्या मैदानावर त्यांनी सकाळचं व्यायाम मंडळ काढलं. गावात रंगीत टीव्ही तेव्हा मोजून दोन होते, त्यामुळे साठी ओलांडलेली आठ माणसं सहज जमली. नववा मी. सासऱ्यांना नाही म्हणायची तालीम माझी झालेली नव्हती.

एका हिवाळ्यात त्यांनी मंडळाची सहल जाहीर केली : पचमढी, आणि तिथे चौरागडाच्या सगळ्या पायऱ्या चढून महादेवाचं दर्शन. स्वतः त्यांनीही तो डोंगर पाहिलेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी मैदानात बाकं मांडून बसमध्ये चढण्या-उतरण्याचा सराव सुरू झाला. घाटात मळमळलं तर शेजाऱ्याच्या धोतराला धक्का न लावता खिडकीकडे कसं सरकायचं, हेही शिकवलं गेलं. दर रविवारी आम्ही रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या दहा-दहा वेळा चढू लागलो. कोणत्या गाडीची वाट पाहताय, असं स्टेशनमास्तरांनी विचारलं, तेव्हा सासऱ्यांनी गंभीरपणे, पुढच्या महिन्यातल्या, असं उत्तर दिलं.

नियम एकच होता : पुलावर जो दमला, तो सहलीला नाही. आणि दमले नेमके सुखदेवजी, सासऱ्यांचे सगळ्यांत जुने मित्र. रेल्वेत गँगमन होते. बौद्ध असल्यामुळे दर्शनाचं त्यांना काही नव्हतं. पण जन्मभर रुळांकडे पाहत चाललेल्या त्या माणसाला एकदा उंचावरून सातपुडा पाहायचा होता. चौथ्या फेरीला ते पायरीवर बसले, ते उठेचनात. सासऱ्यांनी खिशातून यादी काढून त्यांचं नाव खोडलं. सुखदेवजी फक्त म्हणाले, "बरोबर आहे, मास्तर." आणि नदीपलीकडे सावरगावला, आपल्या घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते मैदानावर आले नाहीत. सासऱ्यांची गिनती मात्र बिघडली. एक, दोन, तीन, चार आणि पुन्हा तीन. हात वर केलेले आठजण तसेच उभे राहत. पाचव्या दिवशी ते मला घेऊन सावरगावला निघाले. जाम नदीच्या पुलावर त्यांनी मला थांबवलं. "जवाईबापू, तुम्ही सुखदेव आहा असं समजा," म्हणाले, आणि माझी रीतसर माफी मागितली. पसंत पडली नाही म्हणून पुन्हा एकदा मागितली. येणारे-जाणारे सायकली थांबवून पाहत होते.

प्रत्यक्ष दारात मात्र सगळं विसरले. सुखदेवजी खाटेवर बसले होते. सासरे उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "तू नाही तं मले गिनतीच जमून नाही राहिली."

सुखदेवजींनी सरकून खाटेवर जागा केली. मग म्हणाले, "पन मी चढन कसा, मास्तर?"

"चढ म्हनून कोन म्हनते तुले? तू चल फक्त."

पचमढीला पायथ्याशी पोचल्यावर सासऱ्यांनी यादी माझ्या हाती दिली, बाकीच्यांना रांगेत उभं केलं आणि आम्हाला वर पाठवलं. स्वतः सुखदेवजींच्या शेजारी दगडावर बसले. दोन-तीन महिने ज्या डोंगरासाठी त्यांनी आम्हाला घाम गाळायला लावला, त्याची एक पायरीही ते चढले नाहीत. मी वळून पाहिलं, तर हातानेच, चला, चला, अशी खूण केली.

खाली आलो तेव्हा दोघांनी मला मध्ये बसवून वरचं सगळं विचारून घेतलं. दऱ्या किती खोल, नवसाच्या त्रिशुळांचा ढीग केवढा, ऊन कुठून येत होतं. पुढे पांढुर्ण्यात पानठेल्यावर दोघं मिळून ते वर्णन करत. एक अडखळला की दुसरा पुढे नेई. ऐकणाऱ्याला वाटे, हे दोघं वर राहूनच आलेत. मी कधी मध्ये बोललो नाही.

आता दोघंही नाहीत. गेल्या वर्षी मी पुन्हा चौरागडावर गेलो. गर्दी होती, त्रिशूळ होते, दऱ्याही होत्या. पण ते दोघं सांगत तसा, उन्हात पार क्षितिजापर्यंत उलगडत गेलेला सातपुडा काही दिसेना. बरोबरची मंडळी उतरायला लागली, तरी मी थोडा वेळ थांबून पाहिलं.