कडूबाईच्या जीपची पायरी

आदिनाथच्या कमरेचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं, तेव्हा घरच्या जीपचं काय करायचं यावर भावकी बसली. विकून टाका, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. दारात उभी असलेली त्याची बायको कडूबाई म्हणाली, "इकायची कशाला? मी चालवते." बारा हंगाम ऊस तोडलेली बाई, ट्रॅक्टर मागंपुढं घ्यायला ती फडातच शिकली होती. तिनं लायसन काढलं आणि पाथरी-मानवत फेऱ्या सुरू केल्या.

पाथरीच्या स्टँडवर जीपा नंबरानं लागतात. पुढची भरून गेली की मागची सरकते. कडूबाईच्या मागं बहुतेक वेळा बन्सीधरची जीप असायची. तो आदिनाथचा जुना सोबती. पण वहिनी आपल्या पुढं नंबरात उभी राहते, हे काही त्याला पचत नव्हतं. तोंडानं बोलायचा नाही. गाडी हळूच पुढं घेऊन तिच्या मागच्या बंपरला ठोकायचा. आत बसलेल्या बायका एकमेकींवर आदळायच्या. "ब्रेक लागला न्हाई, वहिनी," म्हणत तो हसायचा, आणि बाकीचे ड्रायव्हरही.

तिसऱ्या खेपेला बंपर फुटला. कडूबाईनं तो तारेनं बांधला आणि नंबर लिहिणाऱ्या वैजीनाथमामांपुढं जाऊन उभी राहिली. मामांनी मान वर केली नाही. "गर्दीत लागतंच की गं. तू असं कर, शेवटी उभी राहत जा. मागं गाडीच नसली तर धक्का कोण देतंय?"

"मी ज्या वेळंला येते, त्या वेळंचा नंबर माझा हाय मामा. तो मी सोडणार न्हाई."

रात्री आदिनाथही म्हणाला, "सोडून दे. खामखा वैर कशाला?" ती सकाळी थेट रंगनाथच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली.

"बंपरला या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा पाइप मारून देतो," रंगनाथ म्हणाला.

"तसलं गार्ड पोलीस काढायला लावतेत. अन् बंपरला जोडलेलं लोखंड बंपरला घेऊनच खाली येतंय." तिनं दुकानापुढच्या उसाच्या ट्रॉलीकडं बोट केलं. "ही ट्रॉली ट्रॅक्टरच्या पत्र्याला बांधता का भाऊ? हुकाला जोडता. मला बी तसंच करा. चासीला, गाडीच्या खालच्या सांगाड्याला, चौकोनी नळी बोल्टानं आवळा. तिच्यात दुसरी नळी बसली पायजे. पिन घातली की पक्की, काढली की निघाली. तिच्या टोकाला आडवी पायरी, अन् पायरीला टायरचं रबर."

रंगनाथनं डोकं खाजवलं. "मग दणका चासीला बसंल."

"हळू सरकत्या गाडीचा दणका चासी सोसंल. मोठ्या धडकेपुढं हिचं काही चालणार न्हाई, ते मला बी कळतंय."

दोन दिवसांत पायरी तयार झाली. बंपरच्या वीतभर बाहेर. पहिल्याच दिवशी कडूबाईचीच नडगी तिच्यावर आपटली, रक्त आलं. संध्याकाळी तिनं पायरीला पिवळा रंग दिला. म्हाताऱ्या बायकांना चढायला मात्र चांगली सोय झाली. निघताना ती पिन उपसून पायरी सीटखाली ठेवायची. परत नंबरात लागली की सगळ्यांदेखत नळीत सारायची.

सोमवारी बन्सीधरनं सवयीनं गाडी पुढं घेतली. खाडकन आवाज झाला. कडूबाईची जीप जरा हलली, तिच्या बंपरला ओरखडाही नाही. बन्सीधरची नंबरप्लेट मात्र दुमडली आणि पुढची जाळी तडकली. तो उडी मारूनच खाली आला.

"वहिनी, हे काय लावून ठिवलंय? काढा आधी!"

कडूबाईनं चावी वर धरली. "माझी गाडी बंद हाय. चावी ही बघा. चालत आली ती तुमची गाडी."

"ब्रेक लागला न्हाई."

"रोजच लागंना तुमचा ब्रेक!" आता तिचा आवाज अख्ख्या स्टँडला ऐकू गेला. "मग ह्या गाडीत माणसं कशी बसवता?"

बन्सीधरच्या जीपमधले दोघं पिशव्या घेऊन उतरले.

वैजीनाथमामा तावातावानं आले. "पायरी काढ कडूबाई. न्हाईतर उद्यापासून तुझा नंबर लिहिणार न्हाई."

"नका लिहू."

दुसऱ्या दिवशी तिनं जीप स्टँडबाहेर, मानवत रस्त्याला लिंबाखाली लावली. दुपारपर्यंत दोनच माणसं आली. तेवढ्यात कमरेला पट्टा आवळून आदिनाथ हळूहळू चालत आला. शेजारच्या सीटवर बसला आणि खिडकीतून ओरडायला लागला, "चला मानवत, मानवत!" कडूबाईला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं पदरानं तोंड पुसलं. तिसऱ्या दिवसापासून बाया स्टँड ओलांडून तिच्याकडं यायला लागल्या.

चौथ्या दिवशी मामाच लिंबाखाली आले. "आत ये बाई. लोक इकडंच यायलेत."

"पायरी राहील."

"राहू दे."

बन्सीधर आता दोन हात लांब थांबतो, पण बोलत नाही. आदिनाथला त्याचं वाईट वाटतं, म्हणून दिवाळीत कडूबाईनं फराळाचं ताट पाठवलं. ते तसंच परत आलं. तिनं ताटावरचा रुमाल घडी करून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत स्टँडवर जाऊन पहिला नंबर लावला.