साडूंचा हिवाळा

हिवाळा हा ऋतू निसर्गाने सगळ्यांसाठी केला असेल. पण ऐंशीच्या दशकात बदलापूर ते विठ्ठलवाडी या टापूत तो आमच्या साडूंच्या ताब्यात होता, आणि त्यांनी त्याचा भयंकर गैरवापर केला, असं माझं आजही म्हणणं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला बदलापूर गावात, नोकरीला आनंदनगरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुपरवायझर. दिवाळीचे कंदील उतरले, की या माणसाच्या अंगात वैद्य संचारायचा. "साडूभाऊ, आत जठराग्नी नुसता धडधडतोय, आणि तुम्ही त्यात टाकताय काय? चहा-खारी!" हे मला माझ्याच घरात, माझाच चहा बाजूला सारून ऐकवायचे.

सकाळी ते अंगाला तिळाचं तेल चोपडून ओट्यावर उन्हात बसत. लावून नव्हे, चोपडूनच. गावातल्या भाजीवाल्या तेवढ्या वेळापुरत्या पलीकडच्या आळीने जात. कामावर निघाले तरी शर्टाच्या पाठीवर तेलाचे नकाशे उमटलेले असत. भरल्या बसमध्येही त्यांच्या शेजारची जागा कोणाला नको असे. प्राणायाम मात्र कारखान्याच्या गेटबाहेर. आनंदनगरच्या त्या उग्र वासाच्या हवेत लोक नाकाला रुमाल लावायचे, आणि हे डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचे. मी हटकलं तर म्हणाले, "हवा कंपनीची असेल, फुप्फुसं माझी आहेत." माझ्या चुलतभावाचं लग्न उल्हासनगरला, ऐन डिसेंबरात. हे गृहस्थ आइस्क्रीमच्या टेबलापुढे दोन्ही हात पसरून उभे! येईल त्याला "आधी जीभ दाखवा." नवऱ्या मुलीच्या मामांनी, चांगले बँकेतले अधिकारी, मुकाट्याने जीभ दाखवली आणि आइस्क्रीम न खाता परत फिरले. माझ्याकडचे पाहुणे म्हणून बोलणी कोणाला बसली? मला.

हे सगळं मी गिळलं. पण डिंकाच्या लाडवांनी कहर केला. डिंकाचा लाडू म्हणजे पोटुशी बाई नाहीतर बाळंतीण. तिसरं कारण आमच्या विठ्ठलवाडीच्या चाळीला ठाऊक नव्हतं. आणि आमच्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा नव्हता. शालूने, माझ्या बायकोने, उपासतापास केले, दवाखाने केले, आणि एक दिवस त्याबद्दल बोलणंच सोडून दिलं. अशा घराकडे एका रविवारी साडू बदलापूरहून सायकल हाणत आले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपासून ओरडत निघाले, "शालू! डिंकाचे लाडू आणलेत गं! खारीक भरपूर घातलीय. रोज सकाळी एक, वर गरम दूध. आणि वाटत बसू नकोस, सगळे तुझ्यासाठीच आहेत!"

डबा ठेवून ते गेले. संध्याकाळपर्यंत चाळीत सगळीकडे झालं होतं. शेजारच्या वहिनी दारात, "काय गं, आमच्यापासून लपवलंस होय?" खालच्या मजल्यावरची सिंधी मावशी तर खसखस आणि सुका मेवा घातलेला माजून वाटीभर घेऊन वर आली. "अरे भाभी, लख लख वाधायूं! हमको बताया भी नहीं?" शालूने वाटी घेतली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मला नळावर एकाने पाठीवर थाप मारली. मीही नाही म्हणालो नाही. खरं सांगतो, ती थाप मला गोड लागली. घरात शालू माझ्याकडे पाठ करून कणीक मळत होती, आणि ती बराच वेळ मळतच राहिली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बदलापूर गाठलं. साडू ओट्यावर, तेलात. मी रस्त्यातूनच सुरू केलं, "अक्कल आहे का तुम्हाला? बायकोला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत माझ्या!"

झालेला प्रकार त्यांनी ऐकून घेतला, आणि माझ्यापेक्षा दुप्पट संतापून उठले. "तिचं मनगट कधी पाहिलंत? दिवाळीला फराळाचं ताट पुढे करताना बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या! बाईला हाडं असतात हे तुम्हाला ती आई होणार असेल तरच आठवतं काय? मग जिला मूल नाही, तिला हाडं नाहीत?"

"हळू बोला," शालूच्या ताई आतून म्हणाल्या.

"हळू काय बोला? हिवाळा चाललाय!"

मला आणि आल्यागेल्याला वाढून, उरलंसुरलं उभ्याउभ्या खाणारी शालू मी रोज पाहत होतो. पाहत होतो म्हणजे काय, समोर असायची इतकंच.

घरी परतलो तर दार उघडं. शेजारच्या वहिनी आणि सिंधी मावशी खाली बसलेल्या, आणि शालू पलंगावर मांडी घालून, मांडीत डबा. ती शांतपणे सांगत होती, "नाही हो वहिनी, तसलं काही नाही. हे थंडीचे आहेत. माझे आहेत." आणि सगळ्यांसमोर तिने लाडू फोडून तोंडात टाकला. वहिनींना कुठे पाहावं कळेना. मावशी मात्र म्हणाली, "अच्छा है ना! खा, खा, मेरा माजून भी खा." मग शालूने मला पाहिलं. "भावजींशी भांडून आलात ना? दूध तापवा आता."

मी दूध तापवलं. उतू घालवलं, पण तापवलं.

त्यानंतर साडू दर रविवारी येत राहिले, मला टोचून बोलत राहिले. तुमचं बरोबर होतं, एवढं साधं वाक्य मला कधी म्हणता आलं नाही. आम्हाला मूल झालं नाही. शालू धडधाकट आहे, जेवायला माझ्याबरोबर बसते आणि पहिली गरम भाकरी स्वतःच्या ताटात घेते. साडू मात्र गेले, तेही ऐन डिसेंबरात. ज्या महिन्यात साधं शिंकणंसुद्धा त्यांच्या लेखी बेजबाबदारपणा होता. याचा मला अजून राग येतो. थंडी पडली की वाटतं, बदलापूरला जावं आणि चांगलं खडसावून विचारावं, की साडूभाऊ, हे काय वागणं झालं?