चारशे पावलांवरचा दवाखाना

मागच्या दिवाळीनंतर माझा साळा सोनाळ्याहून आला. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, पण आता दोघंही सारखेच म्हातारे दिसतो. त्यानं पाणी पिलं, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "नातीले खामगावातून मागणी आली. पोरगा रेल्वेच्या मालधक्क्यावर हाये. देऊ का?"

"मले काऊन विचारतं?"

"तुमी इथं जलम काढला. या शहराचं चांगलं काय, वाईट काय, तुमच्याबिगर कोनाले ठाव?"

या माणसाची बहीण, माझी बायको, मी खामगावात आणली होती, आणि इथंच घालवली. हे त्याला माहीत, मला माहीत. तरी विचारायला तो माझ्याच दारात आला. मी म्हटलं, आधी भाकर खा. त्या दिवशी बोलणं तेवढ्यावरच राहिलं. मी दुसऱ्या बुकापर्यंत शिकलेला माणूस, पुढचं अक्षर कापसाच्या प्रेसमध्ये गाठींवर आकडे काढता काढता वळलं. तोंडानं सांगता आलं नाही ते इथं लिहितो.

मी सोनाळा सोडलं ते भावाशी विहिरीच्या पाळीवरून वाजलं म्हणून. मोट कोणी कोणत्या दिवशी हाकायची, एवढीच गोष्ट. भाऊ म्हणाला, "पटत नसन तर रस्ता मोकळा हाये." मी त्याच आठवड्यात बायकोला गाडीत बसवलं. सोनाळ्याहून बैलगाडीनं नांदुरा, नांदुऱ्याहून रेल्वेनं जलंब, जलंबला गाडी बदलून खामगाव. भावाला वाटलं, चार दिवसांत परत येईल. परत जायचं नाही एवढं एकच मी रस्ताभर ठरवत होतो. बायको रस्ताभर झाडं पाहत होती.

खामगाव तेव्हाही मोठं होतं, पण नागपूर-मुंबईसारखं नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस अर्ध्या घंट्यात चालत जाई. हंगामात कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागत, सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे वाजत, हवेत कापसाचं तूस तरंगत असे. मला प्रेसमध्ये गाठी आवळायचं काम मिळालं. राहायला एक खोली आणि पुढं ओटा, भिंतीला भिंत लागून शेजार. नळ कोपऱ्यावर, संध्याकाळी रस्त्याचे दिवे लावायला माणूस येई. मी गावच्या माणसाहाती निरोप धाडायचो तो असा की, इथं पाणी ओढावं लागत नाही, नळाले येते. भावाच्या कानावर जावं म्हणून.

बायकोला नळाचं कौतुक नव्हतं. तिची खोड वेगळी होती. आमच्या गावाकडे सकाळी चुलीत विस्तव नसला तर बाई हातात गोवरी घेऊन शेजारी जाते, त्यांच्या चुलीतला पेटता इंगळ गोवरीवर घेऊन येते. तेवढ्यात कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या लेकराला ताप आला, सगळं कळतं. आणि ज्या घराचा धूर सकाळी दिसला नाही त्या घरी कोणी ना कोणी डोकावतंच, काय झालं म्हणून. असं करा म्हणून कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं.

खामगावात आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी ती गोवरी घेऊन शेजारी गेली. शेजारी कचेरीतल्या कारकुनाचं बिऱ्हाड होतं. कारकुनाची बायको चांगली होती, पण बोलायला मोकळी. मी ओट्यावर दात घासत होतो. मला ऐकू आलं, "अहो बाई, खामगावात राहता आणि विस्तव मागता? काडेपेटी नाही का मिळत तुमच्या सोनाळ्याला?" मग दोघी हसल्या. माझी बायकोही हसली. इंगळ घेऊन परत येतानासुद्धा हसतच होती.

मला ते हसणं लागलं. आमच्या घराण्यातल्या बाईला एका कारकुनाच्या बायकोनं मागतकरीण समजावं, असं माझ्या डोक्यात शिरलं. त्याच संध्याकाळी मी आगपेट्यांचा अख्खा पुडा आणून चुलीजवळ ठेवला.

"आजपासून कोनाच्या दारात जायचं नाई," मी म्हणालो.

"मले काय विस्तवच पायजे असते का?" ती म्हणाली.

"मंग काय पायजे असते?"

तिनं पुडा उचलून कोनाड्यात ठेवला. मी कारकुनाच्या बायकोलाही ऐकू जाईल असं ओट्यावरून बोललो की, आमाले कोनाचं काई नाई लागत. त्यानंतर ती गेली नाही. मी कामावर जाताना वर आणखी सांगायचो, दाराला कडी लाव, इथं कोणी ओळखीचं नाही. गावात आमचं दार दिवसा कधी लागलेलं नव्हतं. ती कडी लावायला लागली.

दोन वर्षांनी तिला दिवस गेले. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आशा सोडलेली होती. सातवा सरला तसा हाच साळा तिला न्यायला आला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, आणि तिचं माहेरही सोनाळ्यातच. त्यानं नांदुऱ्याला बैलगाडी थांबवून ठेवली होती, गाडीत कडब्यावर गोधड्या अंथरल्या होत्या.

"जवाईबापू, बाईले न्याले आलो."

"काऊन? इथं वाघ हाये का?"

"मायनं डिंक, खारका आनून ठेवल्या. सुईनबाई घरची हाये."

"तुया सोनाळ्यात डाक्टर हाये का बे?" मी त्याला ओट्यावर आणलं आणि हात करून दाखवलं. "तो लिंब दिसते? त्याच्या मागं सरकारी दवाखाना. मोजून चारशे पावलं. मी सोता मोजले. तुया गाडीत हिचे हाल कराले देऊ, का चारशे पावलावर ठेवू?"

खरं सांगायचं तर माझं म्हणणं चुकीचंही नव्हतं. सोनाळ्यात त्याच साली दोन बायका बाळंतपणात गेल्या होत्या. पण दवाखाना ही माझी अर्धी गोष्ट होती. उरलेली अर्धी म्हणजे ती माहेरी गेली असती तर माझ्या भावाच्या डोळ्यांसमोर गेली असती. खामगावात निभलं नाही म्हणून बायको धाडली, असं तो चावडीवर बोलला असता.

बायको दारामागं उभी होती. साळा तिला म्हणाला, "बाई, तू सांग."

ती म्हणाली, "ते म्हनतात तसं."

त्यानं डिंकाचा डबा उंबऱ्यावर ठेवला आणि नांदुऱ्याहून रिकामीच गाडी घेऊन गावी गेला.

त्यानंतर वीसेक दिवसांची गोष्ट. हंगाम जोरात होता. मी पहिल्या भोंग्याला निघालो, रातची भाकर फडक्यात बांधून. चूल पेटलेली नव्हती. ती उठून बसली होती. कंबर दुखते म्हणाली. मी म्हणालो, पड जराशी, आणि कडी लाव. मी रस्त्याला लागलो तेव्हा मागं कडीचा आवाज आला.

संध्याकाळी परत आलो, दिवे लावणारा माणूस अजून आमच्या गल्लीत यायचा होता. दार लागलेलं. हाक मारली, दोनदा मारली. मग खांद्यानं दार ढकललं तशी कडी निसटली. ती चुलीजवळ आडवी होती. लुगडं, जमीन सगळं रक्तानं भिजलेलं. चुलीत गोवऱ्या रचलेल्या, आगपेटी हाताशी, एक काडी अर्धी जळून विझलेली. चूल पेटवायला बसली आणि तिथंच भोवळ येऊन पडली. म्हणजे सकाळीच.

मी ओरडलो तसा कारकून आला, त्याची बायको आली, गल्लीतले आणखी दोघं आले. चौघांनी खाट उचलली. ती शुद्धीवर होती. मी खाटेचा पुढचा पाय धरून चालत होतो, तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाली, "चूल पेटवाची राह्यली." त्यापुढं ती बोलली नाही. चारशे पावलं मी त्या दिवशी मोजली नाहीत, पण लई लवकर संपली एवढं आठवतं.

डॉक्टर भला माणूस होता. हातचं सगळं टाकून आला. पुष्कळ खटपट केली. मग बाहेर येऊन मला म्हणाला, "रक्त फार गेलं. सकाळी आणलं असतं तर दोघांपैकी एक तरी राहिलं असतं." त्यानं मला दोष दिला नाही. त्याला काय माहीत होतं.

कारकुनाची बायको व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. पदरात तोंड घालून म्हणाली, "मी सकाळी पाहिलं हो. धूर निघाला नव्हता तुमच्याकडून. दुपारीही नव्हता. दोनदा दारापर्यंत आले. दार आतून लागलेलं होतं, म्हटलं झोपल्या असतील. आणि तुम्हीच म्हणाला होतात, तुम्हाला कोणाचं काही लागत नाही. मग हाक मारायची हिंमत झाली नाही."

खामगावात शेजाऱ्याकडे कोणी पाहत नाही, असं मी पुढं कितीदा लोकांना सांगितलं. ते खोटं आहे. तिनं पाहिलं होतं.

तेराव्याला साळा आला. शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवणं झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "दवाखाना दाखवा." आम्ही दोघं निघालो. तो खाली पाहून चालत होता, ओठ हलत होते. लिंबाच्या पुढं, दवाखान्याच्या पायरीशी थांबला आणि म्हणाला, "जवळच हाये."

त्यानंतर भावानं दोनदा बोलावणं धाडलं, पाळी तुझी, विहीर तुझी, घरी ये. मी गेलो नाही. लोकांना वाटलं, ताठा. ताठा होताच. पण गावात गेलो असतो तर बायकांनी विचारलं असतं, शेवटाला जवळ कोण होतं. मी इथंच राहिलो, त्याच खोलीत. दुसरं लग्न केलं नाही. सकाळी काडी ओढून चूल पेटवायची, चहा करायचा, चूल विझवायची. पस्तीस वर्षं.

म्हणून साळ्याच्या प्रश्नाला तीन दिवस जबाब दिला नाही. चौथ्या दिवशी त्याला घेऊन त्या पोराचं घर पाहायला गेलो. पोरगा बरा होता. मी घर आतून पाहिलंच नाही. ओट्यावर उभा राहून डावीकडचं आणि उजवीकडचं दार पाहिलं. एकात म्हातारी तांदूळ निवडत होती.

परतताना साळा म्हणाला, "मंग?"

"दे," मी म्हणालो. "नळ हाये, शाळा हाये, दवाखाना हाये. पण पोरीले एक सांगजो. पयल्या दिवशी गोवरी घेऊन शेजारी जाय म्हना. हासतात लोक. हासू दे."

त्याला कमी ऐकू येतं, मला वाटलं ऐकलं नसेल.

लग्न माघात झालं. पोरगी माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर राहायला आली. आठ दिवसांनी सकाळी दारात सावली पडली. पाहिलं तर ती, हातात गोवरी.

"आजोबा, इस्तो द्या."

"आगपेटी सरली का तुई?"

"नाई. हाये की."

मी चुलीशी बसलो, राख उकरली. राख थंडगार होती. इतक्या वर्षांत मी कधी इंगळ राखेखाली झाकून ठेवला नव्हता, कोणासाठी ठेवणार. तिला म्हणालो, "थांब. पेटवा लागन."

काडी ओढली, काटक्या लावल्या, गोवरी ठेवली. इंगळ पडायला वेळ लागतो. ती उंबऱ्यावर बसली आणि मालधक्क्यावरच्या, सासूच्या, नळावरच्या भांडणाच्या गोष्टी सांगत राहिली. मी चुलीकडे तोंड करून फुंकत होतो. धुरानं डोळ्यांना पाणी येत होतं, ते पुसायची गरज नव्हती.