चादरीचा घास

दक्षिण सुदानला पोस्टिंग आलं तेव्हा मी हवालदार होतो, शांतिसेनेतल्या एका सेक्शनचा कमांडर. माझा टू-आयसी, म्हणजे माझ्यानंतरचा माणूस, नाईक दशरथ, उल्हासनगर कॅम्प तीनचा. भरती होण्याआधी घरच्या कारखान्यात जीन्स शिवायचा. मी तिथून जवळच, अंबरनाथच्या पालेगावचा. तिथं बिल्डिंगा उगवण्याआधी करवंदं-जांभळं उगवायची. त्यामुळे फळांतलं मला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा.

तो तोरा पहिल्याच हप्त्यात उतरला. गेटजवळ निर्वासितांची वस्ती होती. तिथल्या न्यादेंग नावाच्या बाईनं खारकेसारखं पिवळट फळ दिलं. लालोब. मी कचकन चावलो. आत दगडासारखी बी. दाढ ठणकली आणि बाया पोट धरून हसल्या. न्यादेंगनं साल काढून दाखवलं, आतला गर चोखायचा असतो. आधी गोड लागतं, मग कडू. दशरथ म्हणाला, "साहेब, अंबरनाथची दादागिरी इकडं नाय चालणार."

त्या बाया झाडाखाली पाय पसरून चादरींवर रंगीत फुलं-पक्षी भरायच्या. आधी पेनानं चित्र, मग टाके. ऑफ-ड्यूटी दशरथ तिथंच सापडायचा. त्यानं आईसाठी चादर भरायला घेतली होती. मशीनवरचा गडी, हातात सुई म्हणजे बोंबच. न्यादेंग उलटी बाजू बघायची आणि निम्मं उसवायला लावायची.

आमच्याकडं गोधडीचा शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा तुकडा घालतात. त्याला घास म्हणतात. गोधडी उपाशी राहू नये. दशरथनं मोडक्यातोडक्या अरबीत हे समजावलं, तर न्यादेंगला हसू आवरेना. चादरीला कुठं भूक लागते का, म्हणे. तो म्हणाला, घास नसला तर आई हातसुद्धा लावणार नाही.

चादरीचा एकच कोपरा राहिला होता.

त्या सकाळी सरपणाला निघालेल्या बायांना एस्कॉर्ट द्यायचं होतं. रोजचंच काम. परतताना नाल्यापाशी गवतातून फायर आला. बाया आडव्या झाल्या. न्यादेंग मात्र मोळीसकट उघड्यावर उभी. दशरथनं तिला ओढून गाडीमागं ढकललं आणि गोळी त्याला लागली.

मी वायरलेसवर कळवलं, "कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"हेलिकॉप्टर निघालंय. होल्ड करा. ओव्हर."

होल्ड केलं. माझा एकही जवान जागचा हलला नाही. सगळ्या बाया सुखरूप परतल्या. दशरथ हेलिकॉप्टरमध्येच गेला. फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

मग एकच चिंता लागली. ही अर्धवट चादर त्या माउलीपुढं कशी ठेवायची? मला तर धड बटणही लावता येत नाही. न्यादेंग आली आणि चादर घेऊन गेली. पलटण परतायच्या आधी पुरी करून माझ्या हातात दिली.

कॅम्प तीनच्या घरी दशरथच्या आईनं ती पलंगावर पसरली आणि टाक्यांवरून बोटं फिरवत गेली. शेवटच्या कोपऱ्यावर हात थांबला.

"हा टाका माझ्या दशाचा नाही."

कुणाचा ते मी सांगितलं, सगळं सांगितलं. तिनं कोपरा पुन्हा दाबला. दुमडलेल्या कापडात काहीतरी टणक होतं. मलाही ठाऊक नव्हतं. मी चाचपून पाहिलं. लालोबची बी.

"घास घातलाय तिनं," आई म्हणाली. तोवर तिनं धीर धरला होता. मग रडली.

चादर आजही त्या पलंगावर असते. गेलो की मी त्याच कोपऱ्याशी बसतो, चहा येईपर्यंत बोटानं चाचपतो आणि मनातल्या मनात रिपोर्ट देतो. दशरथ, घास जागेवर आहे.