जुना सायलेन्सर

आज शेजारी कुणीतरी रॉकेलनं गाडीची साखळी धूत होतं. त्या वासानं मला सोलापुरातलं आमचं जुनं अंगण आठवलं. मी आणि माझी बायको सुनंदा, नुकतीच विकत घेतलेली जुनी मोटारसायकल घासूनपुसून चकचकीत करत होतो. फुटका सायलेन्सर काढून नवा बसवला होता.

तेवढ्यात पत्ता विचारत मैंदर्गी गावची एक म्हातारी दारात आली. गाडी तिच्या मुलाची होती. तो काविळीनं गेला आणि सुनेनं गाडी विकली.

मला वाटलं, गाडी परत मागायला आली. पण ती म्हणाली, “एकदा चालू करा की. त्यो यायचा तवा लांबनंच वळखू यायचा.”

मी किक मारली. डोळे मिटून ती बराच वेळ ऐकत राहिली.

“ह्यो न्हाय त्यो आवाज,” ती म्हणाली.

जुना सायलेन्सर सकाळीच भंगारात गेला होता. मी भंगारवाल्याकडे धावलो, पण माल पुढं गेला होता. रिकाम्या हातानं परतलो, तेव्हा ती चहा न घेताच उठली.

“सावकाश चालवा,” एवढंच म्हणाली.

तिनं गाडी मागितली नाही, म्हणून तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता आमची मुलगी स्कूटरवरून यायची असली, की मी गॅलरीत कान देऊन उभा असतो.