वाळलेलं म्हणून लिहिलेलं कवठ

नलिनी मॅडम — मी आज जो कोणी आहे तो त्यांच्यामुळे. हे मी शंभरदा सांगितलंय. पुढचं मात्र यंदापर्यंत कुणालाच नाही. बायकोलाही नाही.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. सेनगावाकडच्या आमच्या गोरेगावातून शहरात गेलो तेव्हा लँडस्केप आर्किटेक्चर म्हणजे काय, ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. घरी 'बागेचं शिक्षण' म्हणायचो. मॅडम तो विषय शिकवायच्या. माझ्या बोलण्याला पोरं हसली की त्या मलाच विचारायच्या, "तुमच्याकडे या गवताला काय म्हणतात रे?" — आणि ते नाव फळ्यावर लिहायच्या. माझ्या गावचा शब्द, कॉलेजच्या फळ्यावर. कळतंय ना तुम्हाला?

आमच्या भागातल्या एका शाळेचं आवार सुधारायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. झाडांची नोंद माझ्यावर सोपवली. त्यांची पद्धत ठरलेली — प्रत्येक झाडाला नंबर, छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर, मग शेरा. फक्त वाळलेल्या झाडाचा घेर लागत नसे. ते काढायचंच असे.

शाळेमागची झाडं मी मन लावून मोजली. फाटकाजवळचं कवठ राहिलं. ते रस्त्याला लागून, आणि बाजाराचा दिवस. टेप घेऊन बुंध्याला कवेत घेणार, एवढ्यात सेनगावला निघालेली जीप थांबली. आत आमचे मामा.

"काय भाचेबुवा, झाडाच्या गळ्यात काहून पडून राहिला? एवढं शिकून झाडंच मोजायची व्हती, तर बकऱ्या काय वाईट व्हत्या?"

अख्खी जीप हसली. मीही हसलो. टेप खिशात टाकली आणि निघून आलो.

घरी बसून तक्ता भरला. कवठाचा घेर ठाऊक नव्हता. खोटा आकडा लिहायला हात धजेना — हसू नका. म्हणून शेरा लिहिला: वाळलेलं. ऐन उन्हाळा, फांद्या उघड्या. उन्हाळ्यात कवठाची पानं झडतात, हे मला माहीत नव्हतं? आमच्याकडच्या लेकरालाही माहीत असतं.

झाड तोडलं. बुंधा आतून ओला निघाला.

मॅडम पाहायला आल्या तेव्हा फाटकात एक आजी उभ्या होत्या. "बाई, जित्तं झाड काहून पाडलं? शिवरातीला आख्खं गाव हितूनच कवठं न्यायचं."

मॅडमनी हात जोडले. "चूक माझी, आजी. मी स्वतः येऊन पाहायला हवं होतं." मग माझ्याकडे वळून, हळूच — "तू जवळून पाहिलं होतंस ना?"

"हो, मॅडम."

एवढंच. एक शब्द.

त्यानंतर दर वर्षी नव्या वर्गाला त्या पहिल्याच तासाला सांगायच्या, "माझ्या हातून एक झाड गेलं." दोन वर्षं मी त्यांचा मदतनीस म्हणून त्याच वर्गात मागे बसलो. एकदा एका मुलीनं विचारलं, नोंद कुणी केली होती? "त्याचं नाव कशाला? सही माझी होती." माझं नाव त्या झाकत होत्या — आणि मी काय करत होतो? हजेरीपत्रक चाळत होतो.

यंदा त्या निवृत्त झाल्या. निरोपाला मी कृतज्ञतेवर बोललो. टाळ्या पडल्या. मॅडमनी डोळे पुसले. आठ दिवसांनी मी त्यांना हे पत्र पाठवलं.

आदरणीय मॅडम,

शाळेच्या फाटकाजवळचं कवठ मी मोजलं नव्हतं. मामा जीपमधून हसले, मला लाज वाटली, मी निघून गेलो. 'वाळलेलं' हे घरी बसून लिहिलं. तुम्ही विचारलंत तेव्हा 'हो' म्हणालो, ते खोटं होतं. नंतर वर्गात गप्प बसलो, तेही खोटंच.

काल त्या गावी गेलो होतो. आजी आता नाहीत. शेवटपर्यंत त्या तुम्हालाच बोल लावायच्या, असं त्यांची सून म्हणाली. खरं काय ते तिला आणि हेडमास्तरांना माझ्या नावानिशी सांगितलं. आजींना सांगायचं राहिलं.

आपला विद्यार्थी,
गजानन